बॅरिओसमधून पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलचा बॅकअप: स्क्रिप्ट कुठे फसते आणि रिस्टोअर कसा तपासायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेचं मुख्य सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं, डेटा साधारण ४० जीबीचा. वसुलीचं जुनं सॉफ्टवेअर अजून मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर आहे. रोज रात्री १ वाजता बॅरिओस या बॅकअप सॉफ्टवेअरचा जॉब सुरू होतो. जॉबआधी एक स्क्रिप्ट पोस्टग्रेसला बॅकअप मोडमध्ये टाकते, मग डेटा डिरेक्टरी कॉपी होते आणि शेवटी दुसरी स्क्रिप्ट तो मोड बंद करते. पोस्टग्रेस १३ वरून १६ वर आल्यापासून या स्क्रिप्ट अडल्या. फंक्शनची नवी नावं घातल्यावर पहिली चालली, पण शेवटची एरर देतच राहिली. म्हणून तिच्या ओळीच्या शेवटी ‘|| ट्रू’ (एरर आली तरी ‘ठीक’ असंच कळवायचं) लावलं आणि तेव्हापासून जॉब रोज ओके येतो. हे चालेल का, आणि रिस्टोअरची स्क्रिप्ट कशी लिहायची?

चालणार नाही. आज रात्रीच्या जॉबआधीच बदला. आधी पीजी-डंप, म्हणजे पोस्टग्रेसमधली माहिती एका फाइलमध्ये उतरवणारा प्रोग्राम, चालवून एक प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवा आणि मग पुढचं वाचा, कारण तुमच्याकडे सध्या भरवशाचा एकही बॅकअप नाही असं धरून चालावं लागेल.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये नेमकं काय घडतंय ते सांगतो. पूर्वी पोस्टग्रेसमध्ये बॅकअप मोड सुरू केला की सर्व्हर स्वतः डेटा डिरेक्टरीत ‘बॅकअप लेबल’ नावाची फाइल लिहायचा. सुरू करणारं कनेक्शन बंद झालं तरी मोड चालू राहायचा, त्यामुळे एक स्क्रिप्ट आधी आणि एक नंतर ही जोडी छान चालायची. हा जुना प्रकार पोस्टग्रेस १५ मध्ये, म्हणजे २०२२ साली, काढून टाकला. त्याच वेळी फंक्शनची नावंही बदलली. आता ज्या कनेक्शनवरून बॅकअप सुरू केला ते कनेक्शन शेवटपर्यंत उघडं राहायला हवं, आणि थांबवायची कमांडही त्यावरूनच द्यायची असते. लेबलचा मजकूर त्या कमांडच्या उत्तरात मिळतो आणि तो बॅकअपसोबत आपण ठेवायचा असतो.

तुमची पहिली स्क्रिप्ट पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड देणारा प्रोग्राम) उघडते, बॅकअप सुरू करते आणि बंद होते. कनेक्शन तुटलं की पोस्टग्रेस तो बॅकअप तिथल्या तिथे रद्द करतो. पण तोवर पीएसक्यूएलने शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’चा आकडा, परत दिलेलं असतं. बॅरिओसला वाटतं सगळं ठीक आहे आणि तो चालू डेटाबेसच्या फाइली एकामागून एक वाचायला लागतो. एक टेबल १ वाजून ५ मिनिटांनी वाचलं, त्याचा इंडेक्स २० मिनिटांनी, आणि मधल्या वेळात दिवसअखेरचं व्याज लागून गेलं. शेवटची स्क्रिप्ट ‘बॅकअप सुरूच नाही’ अशी एरर देत होती, म्हणजे ती खरं सांगत होती. ‘|| ट्रू’ने तिचं तोंड बंद झालं. अशा प्रतीवरून पोस्टग्रेस सुरू होणारच नाही असं नाही. तो सुरू होईलही, आणि तेच जास्त वाईट, कारण तुटलेल्या नोंदी मग महिन्याभराने एखाद्या खात्यात सापडतात.

मायएसक्यूएलमध्येही हाच खड्डा आहे. आधीच्या स्क्रिप्टमधून ‘फ्लश टेबल्स विथ रीड लॉक’ देऊन टेबलांत लिहिणं थांबवायचं, मग फाइली कॉपी करायच्या, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो लॉक सेशनपुरता, म्हणजे त्या एका कनेक्शनपुरता, असतो. कमांड संपली, क्लायंट बंद झाला, लॉक सुटला. कॉपी सुरू व्हायच्या आत टेबलं पुन्हा मोकळी.

या सगळ्याचं मूळ एकच आहे. बॅकअप सॉफ्टवेअरला डेटाबेसमधलं काही कळत नाही. स्क्रिप्टने शेवटी परत दिलेला एक आकडा त्याला कळतो: शून्य आला तर पुढे जायचं, दुसरं काही आलं तर थांबायचं. त्यामुळे स्क्रिप्ट लिहिताना खरं काम एवढंच, की काहीही बिनसलं तर शून्य परत जाता कामा नये. डंपची कमांड तर कुठेही सापडते.

हे मी फार महागात शिकलो. काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा डेटाबेस माझ्याकडे होता, मायएसक्यूएलवर. स्क्रिप्ट एका ओळीची: मायएसक्यूएल-डंप, पुढे उभी दांडी (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारा पाइप), पुढे फाइल आवळणारा जीझिप, आणि फाइल. ऐन गळीत हंगामात, जानेवारीत, सर्व्हरची डिस्क गेली. मी निवांत होतो, कारण जॉबचा अहवाल रोज हिरवा होता. रिस्टोअर केलेली फाइल उघडायला गेलो तर तिचा आकार दिसला २० बाइट. आदल्या दिवशीची २० बाइट. त्याआधीचीही २० बाइट. रिकाम्या इनपुटवर जीझिप चालवला की बरोबर तेवढीच फाइल तयार होते. सतरा दिवसांपूर्वी कोणीतरी बॅकअपच्या युजरचा पासवर्ड बदलला होता. डंप रोज पहिल्याच पावलाला पडत होता, पण पाइपमध्ये शेवटच्या कमांडचा आकडा परत जातो, आणि जीझिपने आपलं काम चोख केलं होतं. प्रती १५ दिवस ठेवायची मुदत होती, म्हणून शेवटची चांगली प्रतही पुसली गेलेली. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर रिपोर्ट तपासायला घेतलेली एक जुनी प्रत निघाली. पुढच्या सगळ्या नोंदी काट्यावरच्या काकांनी जपून ठेवलेल्या चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रतींवरून भरल्या. चार जणांनी नऊ दिवस बसून. बाहेर शेतकरी बिलाची वाट बघत होते. त्या चिठ्ठ्यांवरचा निळा कार्बन आजही डोळ्यांसमोर येतो.

म्हणून लिनक्सच्या बॅश शेलमध्ये स्क्रिप्ट लिहीत असाल तर पहिल्या ओळीनंतर लगेच एररवर थांबण्याचा पर्याय आणि ‘पाइपफेल’ चालू करा. पाइपफेल असलं की पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर पूर्ण ओळ पडल्याचं धरलं जातं. डंप थेट अंतिम नावाने लिहू नका. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, तपासा, मग नाव बदला. जुन्या प्रती पुसायची ओळ सगळ्यात शेवटी, नवी प्रत तपासून झाल्यावरच. मी पाहिलेल्या बहुतेक स्क्रिप्टमध्ये ही ओळ सगळ्यात वर असते, जागा मोकळी करायची म्हणून. डंप पंधरा दिवस पडत राहिला की ती ओळच तुमचा शेवटचा चांगला बॅकअप पुसते.

बॅरिओसमध्ये हे कुठे बसवायचं? जॉबच्या व्याख्येत ‘रन स्क्रिप्ट’ घाला, वेळ ‘बिफोर’, ‘रन्स ऑन क्लायंट’ होय, ‘फेल जॉब ऑन एरर’ होय. शेवटचं मुळातच होय असतं, पण कोणी वैतागून नाही करून ठेवलंय का ते बघा. कमांडच्या जागी स्क्रिप्टचा पूर्ण पाथ द्या. तिथे पाइप किंवा ‘>’ लिहून चालत नाही, कारण बॅरिओस ती ओळ शेलमधून चालवत नाही. दांडी आणि बाण नुसते शब्द म्हणून पहिल्या कमांडकडे जातात. नंतर साफसफाई करणारी स्क्रिप्ट असेल तर तिला ‘रन्स ऑन फेल्युअर’ही होय द्या, नाहीतर जॉब पडला की अर्धवट फाइली तशाच साचतात आणि चार दिवसांनी डिस्क भरते.

हाताने चालवली की चालते, जॉबमध्ये पडते, ही तक्रार तुमच्याकडेही येणार. तुम्ही स्वतः लॉगिन करून चालवता तेव्हा तुमचं होम, तुमचा पाथ, तुमची पासवर्ड फाइल असते. बॅरिओसचा क्लायंट सहसा रूट म्हणून चालतो आणि त्याला यातलं काही मिळत नाही. पासवर्डच्या फाइलचा पाथ आणि डंपच्या प्रोग्रामचा पाथ स्क्रिप्टमध्ये पूर्ण लिहा. पोस्टग्रेसच्या पासवर्ड फाइलचे हक्क ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल असे) ठेवा, सैल असले तर तो ती फाइल वाचतच नाही. पासवर्ड कमांडच्या ओळीत कधीही लिहू नका, चालू प्रोसेसची यादी बघणाऱ्या कोणालाही तो दिसू शकतो.

डंपच्या प्रोग्रामचा पूर्ण पाथ देण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि त्याचं उदाहरण जगजाहीर आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरकडून रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर सतत जाणारी प्रत) दुरुस्त करताना मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली गेली. रोजचा पीजी-डंप ठरलेला होता. जाऊन पाहिलं तर बॅकअपच्या जागी काहीच नव्हतं. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा होता आणि स्क्रिप्ट ९.२ चा पीजी-डंप चालवत होती. जुना डंप नव्या सर्व्हरला नकार देतो, आणि तो रोज नकार देत होता. नापास झाल्याचे मेल निघत होते, पण डीमार्कच्या, म्हणजे मेल खऱ्या पत्त्यावरून आला का हे बघणाऱ्या, तपासणीत ते वाटेतच नाकारले जात होते. साधारण सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) होता म्हणून ते वाचले. तरी सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कमेंट आणि ७०० नव्या खात्यांना फटका बसला. त्यांनी हे सगळं मोकळेपणाने लिहून प्रसिद्ध केलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी कायम आदर वाटतो. तुम्ही नुकतेच १३ वरून १६ वर आला आहात. सर्व्हरवर जुना डंप अजून पाथमध्ये पहिला येत नाही ना, हे आत्ता बघा. आणि मेल फक्त नापास झाल्यावर पाठवू नका. पास झाल्याचाही रोज पाठवा, त्यात फाइलचा आकार आणि कालच्याशी फरक लिहा. सकाळी तो मेल आला नाही की विचारणारा एक माणूस नेमून द्या, नावानिशी.

आता तुमच्यासाठी पद्धत कोणती. ४० जीबीला पीजी-डंप उत्तम. तो सुरुवातीच्या क्षणाचं एकसंध चित्र घेतो, काम अडवत नाही. मात्र तो चालू असताना टेबलाची रचना बदलायला गेलात तर ते काम अडकून बसेल. कस्टम फॉरमॅटमध्ये (पीजी-रिस्टोअरने परत चढवायची एकच फाइल) घ्या, किंवा वेळ कमी असेल तर डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये चार समांतर जॉब लावून. पीजी-डंपमध्ये युजर आणि रोल येत नाहीत. ते पीजी-डंपऑलला ‘ग्लोबल्स ओन्ली’ सांगून वेगळ्या फाइलमध्ये घ्यायचे. हे विसरलं की रिस्टोअरच्या दिवशी ‘रोल अस्तित्वात नाही’ अशा ओळींनी स्क्रीन भरते.

मायएसक्यूएलच्या डंपला ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ द्या, शिवाय ‘रूटीन्स’ आणि ‘इव्हेंट्स’. ट्रिगर आपोआप येतात, हे दोन येत नाहीत. सिंगल ट्रान्झॅक्शनने सगळा डंप एकाच क्षणाचा येतो, पण त्याचा उपयोग इनोडीबी प्रकारच्या टेबलांनाच. वसुलीचं सॉफ्टवेअर जुनं आहे म्हणता, तर त्यात मायआयसॅम या जुन्या प्रकारची टेबलं असण्याची दाट शक्यता आहे. ती आधी इनोडीबीवर न्या. ते जमत नसेल तर रात्री सॉफ्टवेअर बंद ठेवून लॉकसह डंप घ्या. कुठल्या शाखेत विंडोजवरून डंप घेत असाल तर विंडोज पॉवरशेलचा ‘>’ वापरू नका. तो फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहितो आणि ती नीट परत चढत नाही. डंपचाच ‘रिझल्ट फाइल’ हा पर्याय वापरा. जुन्या टेबलांत लॅटिन-१ कॅरेक्टर सेट असेल तर आधी दहा खातेदारांची नावं चाचणीत परत आणून बघा. ‘ज्ञानेश्वर’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आली तर ती माहिती गेलीच, पुन्हा अक्षरं होत नाहीत.

फक्त रात्रीचा डंप असेल तर संध्याकाळी पाचला डिस्क गेल्यावर पूर्ण दिवसाचे व्यवहार जातात. पतसंस्थेला हे परवडणार नाही. म्हणून जोडीला पीजी-बेसबॅकअप (पूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत घेणारा प्रोग्राम) आणि वॉल फाइलींचं, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या फाइलींचं, आर्काइव्ह ठेवा. बेसबॅकअप स्वतःचं कनेक्शन शेवटपर्यंत उघडं ठेवतो, त्यामुळे वर सांगितलेला घोळ होत नाही. बॅरिओसचा पोस्टग्रेससाठी वेगळा प्लगइनही आहे. आर्काइव्हच्या कमांडलाही तोच नियम: फाइल पलीकडे खरंच पोचली तरच शून्य. खोटा शून्य दिला तर पोस्टग्रेस ती वॉल फाइल पुसून मोकळा होतो आणि साखळी तुटते. उलट, कमांड सतत नापास होत राहिली तर वॉल साचत जाऊन डिस्क भरते आणि डेटाबेस थांबतो. थांबलेला डेटाबेस दहा मिनिटांत सुरू करता येतो. तुटलेली साखळी जोडता येत नाही.

फाइल तपासण्याबद्दल एक बारीक गोष्ट. मायएसक्यूएलच्या डंपच्या शेवटी ‘डंप कम्प्लिटेड’ अशी ओळ असते. स्क्रिप्टने शेवटची ओळ वाचून ती आहे का बघावं. पोस्टग्रेसच्या कस्टम फॉरमॅटसाठी बरेच जण पीजी-रिस्टोअरने अनुक्रमणिका काढून बघतात आणि समाधान मानतात. अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला असते. अर्धी कापली गेलेली फाइलसुद्धा ही परीक्षा पास होते. त्यापेक्षा पूर्ण रिस्टोअर ‘डेव्ह नल’मध्ये, म्हणजे लिहिलेलं सगळं टाकून देणाऱ्या लिनक्सच्या जागेत, करा. फाइल शेवटच्या बाइटपर्यंत वाचली जाते, डेटाबेस लागत नाही.

तरीही ही फाइलची तपासणी झाली. आतल्या हिशेबाची नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा खरा रिस्टोअर, आणि तोही वेगळ्या सर्व्हरवर. वेगळ्या सर्व्हरचा आग्रह का, ते नीट समजून घ्या. पीजी-रिस्टोअरला ‘क्रिएट’ हा पर्याय दिलात तर तुम्ही दिलेलं चाचणीच्या डेटाबेसचं नाव फक्त जोडणीपुरतं वापरलं जातं आणि माहिती जाते ती डंपमध्ये लिहिलेल्या मूळ नावाच्या डेटाबेसकडे. सोबत ‘क्लीन’ दिलं असेल तर मूळ डेटाबेस आधी पुसला जातो. मायएसक्यूएलचा डंप ‘डेटाबेसेस’ पर्यायाने घेतला असेल तर त्याच्या आत ‘यूज’ची ओळ असते. तुम्ही चाचणीच्या डेटाबेसमध्ये चढवायला जाता आणि तो कालची टेबलं आजच्या चालू टेबलांवर लिहितो. सराव करायला गेलेल्या माणसाने मूळच घालवल्याचं मी दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा माणूस हुशार आणि काळजी घेणारा होता.

रिस्टोअरची स्क्रिप्ट या क्रमाने लिहा. बीकन्सोलमधून (बॅरिओसला कमांड द्यायची खिडकी) ठरावीक जॉबची डंप फाइल बाहेर काढायची. बॅरिओस ती ठरलेल्या सेटिंगने ‘टीएमपी’मधल्या फोल्डरमध्ये टाकतो, तिथे जागा असेल असं नाही, म्हणून ‘व्हेअर’ बदलून मोठ्या डिस्कचा पाथ द्या. मग रोलची फाइल चढवायची. मग रिकामा डेटाबेस तयार करून पीजी-रिस्टोअर, समांतर चार जॉब आणि ‘एक्झिट ऑन एरर’. हा पर्याय दिला नाही तर पीजी-रिस्टोअर एरर गिळत पुढे जातो आणि शेवटी किती एरर सोडल्या त्याचा आकडा फक्त सांगतो. साधी एसक्यूएल फाइल पीएसक्यूएलने चढवत असाल तर ‘ऑन एरर स्टॉप’ चालू करा, तोही मुळात बंद असतो. शेवटी टेबलांची आकडेवारी गोळा करणारी ॲनलाइझ ही कमांड चालवा. आकडेवारी नसल्याने पहिल्या दिवशी सगळे रिपोर्ट रांगतात आणि लोकांना वाटतं रिस्टोअरच बिघडला. इंडेक्स नव्याने बांधायचे असल्यामुळे डंपपेक्षा रिस्टोअरला बराच जास्त वेळ लागतो. तो वेळ घड्याळ लावून मोजा आणि संचालक मंडळाला लेखी कळवा.

आता मुख्य परीक्षा. टेबलांतल्या ओळी मोजून थांबू नका. तुमच्याकडे त्याहून चांगलं माप आहे: तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमेचा ताळा. दिवसअखेर किर्द बंद झाल्यावर तेरीज पत्रक छापता ना? रिस्टोअर केलेल्या डेटाबेसला सॉफ्टवेअर जोडा, त्याच तारखेचं तेरीज पत्रक काढा, आणि लेखापालांना दोन्ही कागद शेजारी ठेवून पैशापर्यंत जुळवायला सांगा. ठेवी, कर्ज, येणं व्याज, रोख शिल्लक. ही जुळणी मी स्क्रिप्टमध्येही घालतो: दिवसअखेरीला एकूण नावे-जमा एका छोट्या मजकूर फाइलमध्ये डंपसोबत लिहायची, रिस्टोअरनंतर तीच क्वेरी चालवायची, फरक आला तर शून्येतर आकडा परत द्यायचा. बॅरिओसला कळणारी भाषा तीच.

फिजिकल बॅकअप, म्हणजे बेसबॅकअप, दुसऱ्या लिनक्सवर उतरवणार असाल तर आणखी एक सांगून ठेवतो. अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस सहसा लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीकडून घेतो आणि २०१८ च्या २.२८ आवृत्तीत तो क्रम बदलला. सेंटओएस ७ वरची डेटा डिरेक्टरी त्याहून नव्या सिस्टिमवर जशीच्या तशी उचलून ठेवली तर मजकुराचे इंडेक्स चुकतात. सभासदाचं नाव टाकून शोधलं तर ‘सापडत नाही’ येतं, आणि सभासद क्रमांकाने तोच माणूस समोर येतो. उपाय सोपा आहे, सगळे इंडेक्स नव्याने बांधायचे. पण आधी माहीत नसेल तर माणूस रात्रभर डेटा शोधत बसतो. डंपवरून केलेल्या रिस्टोअरमध्ये इंडेक्स तिथेच तयार होतात, त्यामुळे हा प्रश्न येत नाही.

राहिला बॅरिओसचा स्वतःचा कॅटलॉग. कुठली फाइल कुठल्या व्हॉल्यूमवर (बॅरिओसच्या साठवणीच्या फाइलवर किंवा टेपवर) आहे ते त्यालाच माहीत असतं, आणि तोही एक पोस्टग्रेस डेटाबेसच आहे. त्याच सर्व्हरवर असेल तर एका डिस्कसोबत दोन्ही जातील. बॅकअप कॅटलॉगचा तयार जॉब असतो, तो सगळ्या जॉबनंतर चालू द्या. कॅटलॉग परत आणायला लागणारी बूटस्ट्रॅप फाइल रोज दुसऱ्या मशीनवर पाठवा आणि डायरेक्टरच्या (बॅरिओसचा मुख्य प्रोग्राम) कॉन्फिगरेशनची प्रत मुख्य कार्यालयाबाहेर ठेवा. रिस्टोअरची स्क्रिप्ट, पासवर्ड कुठे ठेवलेत ते, आणि पायऱ्यांचा छापील कागद तिजोरीत. पहिला सराव तुम्ही स्वतः करू नका. हे काम कधीच न केलेल्या सहकाऱ्याला तो कागद द्या, शेजारी गप्प बसा, आणि तो जिथे जिथे अडेल तिथे कागदावर पेनाने भर घाला.